राउटर बंद-चालू केला की नेट येतं, दोन दिवसांनी परत जातं : डीएनएसमास्क वारंवार पडत असेल तर

लक्षण ओळखीचं आहे. राउटरचे सगळे दिवे हिरवे, वाय-फायची रेंज पूर्ण. आधीपासून चालू असलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉल तुटत नाही, पण ब्राउझरमध्ये कुठलीही साईट टाकली की नुसतं गोल फिरत राहतं आणि शेवटी पत्ता सापडला नाही म्हणून पान येतं. मग फोन येतो, "दादा, पोर्टल उघडंना गेलंय, भाईर लाईन लागलीय." तोवर कुणीतरी बटण बंद करून चालू केलेलं असतं, नेट आलेलं असतं, आणि सगळे कामाला लागलेले असतात. दोन दिवसांनी परत तेच.

लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यातल्या अभ्यासिका, सेवा केंद्रं आणि छोटे क्लासेस यांची नेटवर्क बघणाऱ्याकडे ही तक्रार उन्हाळ्यात आणि पीक विमा भरायच्या दिवसांत हमखास येते. म्हणून लोक ती उन्हावर नाहीतर सरकारी पोर्टलवर ढकलून मोकळे होतात. कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा मरतो तो राउटरच्या पोटातला एक छोटा प्रोग्राम, डीएनएसमास्क. साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणं (डीएनएस) आणि नव्या मोबाईलला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, वाटणं (डीएचसीपी) ही दोन्ही कामं तोच करतो. तो स्वतःहून मरत असेल, तर त्यामागे मेमरी हाताळणीतली जुनी त्रुटी असण्याची शक्यता धरूनच चालावं, कारण त्याच त्रुटीतून बाहेरचा माणूस राउटरमध्ये शिरू शकतो. बटण दाबून नेट चालू होतं, त्रुटी जागच्या जागी राहते.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाकताना नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाका.

आधी डीएनएसच मेलाय ना, हे बघा

कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून पिंग ८.८.८.८ द्या, हा गूगलचा सर्वांसाठी खुला डीएनएस सर्व्हर. उत्तर आलं नाही तर लाईन गेलीय, केबलवाल्याला फोन लावा. पुढचं वाचायची गरज नाही. उत्तर आलं तर एनएसलुकअप वापरून एखादं नाव दोन ठिकाणी विचारा. एकदा राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ वर, आणि एकदा थेट ८.८.८.८ वर.

८.८.८.८ कडून पत्ता मिळाला आणि राउटरकडून नुसता टाइम आउट आला, तर राउटरवरचा डीएनएसमास्क जागेवर नाही. राउटरने 'सर्व्हर फेल्ड' असं उत्तर दिलं, तर तो जिवंत आहे, फक्त त्याला काहीतरी पटत नाहीये. हा फरक महत्त्वाचा आहे. दोन्हींवर बाहेरून दिसणारं लक्षण एकच असतं आणि उपाय पूर्ण वेगळे.

बटणाला हात लावण्याआधी लॉग काढा

बहुतेक राउटर लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींच्या नोंदी, रॅममध्ये ठेवतात. बटण बंद केलं की पुरावा गेला. म्हणून केंद्रचालकाला पहिली गोष्ट शिकवा: नेट गेलं की बंद-चालू करायचं नाही, फोन करायचा. घाई असेल तर त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकायचा. काम सुरू होतं आणि राउटर आहे त्या अवस्थेत राहतो.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, चढवता येणारं मोफत फर्मवेअर) असेल तर राउटरमध्ये लॉगिन करून लॉगरीड आणि डीमेसेज या दोन कमांडचं आउटपुट फाईलमध्ये घ्या. साध्या लिनक्स मिनी पीसीवर जर्नलसीटीएल. कंपनीचं मूळ फर्मवेअर असेल तर 'सिस्टिम लॉग' नावाचं पान शोधा. काही कंपन्या तिथे एवढंच दाखवतात की अमक्या वेळी अमका मोबाईल जोडला गेला. त्याचा उपयोग नाही, आणि ते बघून चिडचिड तेवढी होते.

लॉगमध्ये काय शोधायचं? इंटेलच्या मशीनवर डीएनएसमास्कच्या नावापुढे 'सेगफॉल्ट अ‍ॅट' अशी ओळ येते. एमआयपीएस चिपच्या राउटरवर 'सेंडिंग सिगसेगव्ह टू डीएनएसमास्क' असं दिसतं. सिस्टिमडी असेल तर 'कोड इक्वल्स किल्ड, स्टेटस ११'. तिन्हींचा अर्थ एकच: प्रोग्रामने आपल्या मालकीची नसलेली मेमरी वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न केला आणि कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, त्याला जागेवर मारलं. स्टेटस ६ आणि सोबत 'फ्री, इनव्हॅलिड पॉइंटर' किंवा 'मॅलॉक, करप्टेड टॉप साइझ' असं काही आलं, तर मेमरीचा हिशोब आधीच बिघडलेला होता आणि तो मेमरी वाटणाऱ्या जीलिबसी या लायब्ररीच्या लक्षात आला.

ओपनडब्ल्यूआरटीवर आणखी एक ओळ सापडते, बाकीचे प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या प्रॉकडीची: डीएनएसमास्क 'इन अ क्रॅश लूप, ६ क्रॅशेस'. तक्रार दोन-दोन दिवसांनीच का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा या ओळीत असतं. प्रोग्राम मेला की प्रॉकडी तो पाच सेकंदांनी परत उठवतो. त्या पाच सेकंदांत नेट 'अडकलं' एवढंच वाटतं, कुणी तक्रार करत नाही. उठवल्यापासून तासाच्या आत परत मेला तर प्रॉकडी तो क्रॅश मोजतो, आणि पाचाच्या वर गेला की उठवायचं सोडून देतो. म्हणजे तुमचा फोन वाजतो तेव्हा पडझड पहिल्यांदा झालेली नसते. आधीची पडझड पाच-पाच सेकंदांत झाकली गेलेली असते.

दिसायला तसंच, पण त्रुटी नाही

सेगफॉल्ट दिसला नाही तर खालच्या गोष्टी आधी तपासा. या चौघांनी मिळून माझा बराच उन्हाळा खाल्लाय.

'मॅक्सिमम नंबर ऑफ कॉन्करंट डीएनएस क्वेरीज रीच्ड, मॅक्स १५०' ही ओळ अभ्यासिकांमध्ये फार दिसते. डीएनएसमास्क एका वेळी १५० प्रश्नच वर, म्हणजे तो स्वतः ज्याला विचारतो त्या डीएनएस सर्व्हरकडे, पाठवून ठेवतो, हा त्याचा मूळ हिशोब. शंभरेक मुलं, प्रत्येकाचा मोबाईल आणि लॅपटॉप, त्यात वरचा सर्व्हर मंद झाला की प्रश्न तुंबतात. प्रोग्राम मरत नाही, नव्यांना नकार देतो. आधी वरचा सर्व्हर बदलून बघा, मगच मर्यादा वाढवा.

'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' आली तर रॅम संपली. ६४ एमबीच्या राउटरवर जाहिराती अडवायच्या लाखभर नावांची यादी चढवली की हे व्हायचंच. यादी छोटी करा.

तिसरी गोष्ट लाईटची. घरगुती राउटरला घड्याळाची बॅटरी नसते. लाईट जाऊन परत आली की त्याचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी तारखेवर उभं असतं. डीएनएससेक (उत्तर खरं आहे का ते डिजिटल सहीवरून तपासायची सोय) चालू असेल, तर उत्तरावरच्या डिजिटल सहीची मुदत त्याला अजून सुरूच झालेली दिसत नाही, म्हणून तो खरी उत्तरंही फेटाळतो. वेळ लावून घ्यायला एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ सांगणाऱ्या, सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि ते नावही याच कारणाने सापडत नाही. 'सर्व्हर फेल्ड' येतं ते इथे. एनटीपी सर्व्हरचा आकडी पत्ता द्या, किंवा वेळ लागेपर्यंत तारीख न तपासण्याचा डीएनएसमास्कचा पर्याय वापरा. लोडशेडिंगच्या गावात हा दोष मी मेमरीच्या त्रुटीच्या आधी तपासतो.

चौथी, अडॅप्टर आणि उष्णता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि राउटर पत्र्याखाली खिळ्याला टांगलेला. बारा व्होल्टचा अडॅप्टर जुना झाला की भार आल्यावर व्होल्टेज खाली बसतं. अशा वेळी लॉगमध्ये एकट्या डीएनएसमास्कचं नाव येत नाही. आज वाय-फाय सांभाळणारा प्रोग्राम, उद्या लॉगिनचा, परवा पूर्ण राउटरच रीबूट, असं चालतं. मरणारा दर वेळी डीएनएसमास्कच असेल आणि बाकी सगळे ठणठणीत असतील, तर अडॅप्टर बदलण्यात पैसे घालू नका.

सेगफॉल्ट आहे, आता?

मिनी पीसीवर कर्नलच्या सेगफॉल्टच्या ओळीत दोन आकडे बघा. 'आयपी'पुढचा पत्ता (हा नेटवर्कचा आयपी नव्हे, प्रोग्राम कोडमध्ये कुठे होता ती मेमरीतली जागा), आणि शेवटी डीएनएसमास्कच्या नावाला लागून चौकटी कंसातला सुरुवातीचा पत्ता. पहिल्यातून दुसरा वजा करा, हेक्सामध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत. प्रोग्राम दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी चढतो, म्हणून मूळ पत्ते जुळत नाहीत. वजाबाकी मात्र जुळते. चार वेगवेगळ्या क्रॅशची वजाबाकी एकच आली, तर कोडमधल्या एकाच ठिकाणी तो अडखळतोय. दर वेळी वेगळी आली, तर एकतर रॅम खराब आहे किंवा हीप, म्हणजे प्रोग्राम चालताना लागेल तशी मागून घेतो ती मेमरी, बिघडलेला आहे.

हे दुसरं फसवं असतं. हीपवर एखाद्या बफरच्या (मागून घेतलेल्या जागेच्या) पलीकडे लिहिलं गेलं, तर प्रोग्राम लगेच मरत नाही. पुढे कधीतरी शेजारची जागा मोकळी करताना किंवा नव्याने मागताना मरतो. जखम एका प्रश्नाने झालेली असते आणि लॉगमध्ये नाव येतं दुसऱ्याच, बिचाऱ्या निरुपद्रवी प्रश्नाचं. त्यामुळे क्रॅशच्या आधीचा शेवटचा प्रश्नच दोषी, असं समजू नका. मागचे बरेच प्रश्न बघावे लागतात.

त्यासाठी डीएनएसमास्कच्या सेटिंगमध्ये लॉग-क्वेरीज चालू करा, 'एक्स्ट्रा'सह, आणि लॉग राउटरवर न ठेवता केंद्रातल्याच दुसऱ्या मशीनकडे सिसलॉगने पाठवा, यूडीपी पोर्ट ५१४. लॉग-असिंक हा पर्याय या कामापुरता बंद ठेवा. तो ओळी आधी रांगेत धरतो, आणि प्रोग्राम मेला की रांगेतल्या शेवटच्या ओळी त्याच्यासोबत जातात. तुम्हाला हव्या असतात नेमक्या त्याच. दोन-तीन क्रॅश जमले की प्रत्येकाच्या आधीच्या ओळींत सामाईक नाव कुठलं, ते शोधा. एखादं अनोळखी, लांबलचक, दर वेळी पुढचा तुकडा बदलणारं डोमेन प्रत्येक वेळी हजर असेल, तर ते मोबाईल डेटावरून नव्हे, त्याच राउटरला परत विचारून बघा. केंद्र बंद असताना. परत मेला तर तुम्हाला कारण सापडलं. या लॉगमध्ये कोण कुठली साईट बघतो ते सगळं उमटतं, तेव्हा काम झालं की बंद करा आणि फाईल पुसा.

एका पाकिटाने प्रोग्राम मरतो कसा

डीएनएसच्या पाकिटात (पॅकेटमध्ये) नाव तुकड्यांनी असतं. प्रत्येक तुकड्याआधी त्याच्या लांबीचा एक बाइट, तुकडा जास्तीत जास्त ६३ बाइटांचा, पूर्ण नाव २५५ बाइटांच्या आत. हे नियम १९८७ च्या आरएफसी १०३५ मधले. तेव्हा पाकिटातली जागा मोलाची होती, म्हणून एक सोय ठेवली: आधी येऊन गेलेलं नाव परत लिहायचं नाही, 'अमक्या जागी बघा' असा दोन बाइटांचा निर्देश द्यायचा. तलाठ्याच्या जुन्या रजिस्टरात 'वरीलप्रमाणे' लिहितात, तसं. आता नक्कल काढणारा 'वरीलप्रमाणे'च्या जागी पूर्ण मजकूर लिहू लागला, पण रकाना त्याने मुळातल्याएवढाच आखलेला असला, तर मजकूर शेजारच्या रकान्यात घुसणार. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम तिथे आपोआप थांबत नाही. लांबी तपासायची जबाबदारी लिहिणाऱ्याची, आणि एक तपासणी राहिली की शेजारची मेमरी पुसली जाते. शेजारी कचरा पडला तर प्रोग्राम मरतो, आणि तुम्हाला फोन येतो. पाकीट बनवणाऱ्याने तिथे काय पडावं हे विचारपूर्वक ठरवलेलं असेल, तर प्रोग्राम मरत नाही. त्याचं ऐकू लागतो. म्हणून क्रॅश ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

हे नुसतं पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने डीएनएसमास्कमधल्या सात त्रुटी जाहीर केल्या. तिघींतून दूरवरून कोड चालवता येण्याची शक्यता होती, एकीतून मेमरीतला मजकूर बाहेर फुटत होता, उरलेल्या तिघींतून सर्व्हर पाडता येत होता. त्यांतली सीव्हीई-२०१७-१४४९१ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळालेला क्रमांक) ही डीएनएस उत्तर तयार करतानाची हीपवरची चूक. २.७६ च्या आधीच्या आवृत्त्यांत पलीकडे कितीही लिहिता येत होतं, नंतरच्या कोडमध्ये दोनच बाइट. दोन बाइट ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्यावरही हल्ला उभा राहू शकतो असं शोधणाऱ्यांचं मत होतं. १४४९३ क्रमांकाची त्रुटी डीएचसीपीव्ही६ मधली, म्हणजे आयपीव्ही६ चे पत्ते वाटण्याच्या भागातली, आणि स्टॅक या मेमरीच्या दुसऱ्या भागावरची. सगळ्या दुरुस्त्या २.७८ मध्ये आल्या.

मग १९ जानेवारी २०२१ ला जेएसओएफ या इस्रायली संस्थेने आणखी सात त्रुटी 'डीएनएसस्पूक' या नावाने मांडल्या. चार हीपवरच्या, तीन कॅशमध्ये, म्हणजे लक्षात ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्यात, खोटी उत्तरं घुसवण्याच्या. चारही हीपवरच्या त्रुटी डीएनएससेक चालू असेल तरच लागू. त्यातली एक, सीव्हीई-२०२०-२५६८१, गमतीची आहे: सही तपासण्याआधी रेकॉर्ड क्रमाने लावून घ्यावे लागतात, आणि चूक त्या लावण्यातच. म्हणजे उत्तर खरं की खोटं हे ठरण्याआधीच खोट्या उत्तराने काम साधलेलं असतं. दुरुस्ती २.८३ मध्ये.

आणि हा एकट्या डीएनएसमास्कचा दोष नाही. कॉलेजात किंवा पतसंस्थेत विंडोज सर्व्हरवर डीएनएस चालत असेल, तर १४ जुलै २०२० ला दुरुस्त झालेली सीव्हीई-२०२०-१३५०, 'सिगरेड', आठवा. सिग (सहीच्या) रेकॉर्डमधलं आखडून लिहिलेलं नाव उलगडल्यावर एकूण आकार ६५,५३५ च्या वर जायचा, सोळा बिटांच्या मोजणीत तो परत शून्यापासून सुरू व्हायचा, आणि मोठ्या मजकुरासाठी छोटी जागा मागितली जायची. ती चूक कोडमध्ये सतरा वर्षं होती, २००३ पासून २०१९ पर्यंतच्या सगळ्या विंडोज सर्व्हरांत, आणि तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. अपडेट लगेच टाकता येत नसेल त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने रजिस्ट्रीतला उपाय दिला होता: डीएनएसच्या पॅरामीटर्समध्ये टीसीपी-रिसीव्ह-पॅकेट-साइझ ही किंमत ६५,२८० बाइट, हेक्सामध्ये एफएफ००, आणि डीएनएस सर्व्हिस रीस्टार्ट.

"आमचा आयपी बाहेरून दिसतच नाही, आम्हाला कोण हात लावतो" असं इथे पुष्कळ जण म्हणतात, कारण छोटे केबल ऑपरेटर १००.६४ पासून सुरू होणारे सामाईक पत्ते देतात. बाहेरून कुणी पोर्ट ५३ वर थेट येऊ शकत नाही, हे खरं. पण या जातीच्या त्रुटीला बाहेरून यायची गरजच नसते. प्रश्न आतला माणूस विचारतो आणि उत्तर बाहेरून येतं. अभ्यासिकेतल्या एका मुलाने फुकट पीडीएफच्या साईटवर क्लिक केलं, त्या पानात हल्लेखोराच्या डोमेनवरचं एक चित्र आहे, ब्राउझर त्या डोमेनचा पत्ता राउटरला विचारतो, आणि घडवलेलं उत्तर सरळ डीएनएसमास्कच्या हातात. फायरवॉल त्याला अडवत नाही, कारण ते मागवलेलं उत्तर आहे.

आवृत्ती बघणं, आणि आकड्यावर फार विसंबून न राहणं

डीएनएसमास्कला त्याची आवृत्ती विचारता येते. एनएसलुकअपमध्ये क्लास केऑस आणि टाइप टीएक्सटी सांगून 'व्हर्जन डॉट बाइंड' हे नाव राउटरच्या पत्त्यावर विचारा. 'डीएनएसमास्क-२.' आणि पुढे आकडा असं उत्तर येतं. कंपनीच्या मूळ फर्मवेअरच्या राउटरवर २.७८ पेक्षा लहान आकडा दिसला, तर दुरुस्ती झालेली नाही असंच धरा. २.८३ पेक्षा लहान असेल आणि डीएनएससेक चालू असेल, तरी तेच. फेब्रुवारी २०२४ मधल्या 'कीट्रॅप'साठी २.९० लागतो. ती मेमरीची त्रुटी नाही, एका उत्तराने सीपीयू गुंतवून ठेवणारी आहे. पण तुमचा राउटर मरण्याऐवजी गोठत असेल तर तिच्याकडेही बघा.

डेबियन-उबंटू या लिनक्सवर मात्र नुसता आकडा फसवतो. तिथे जुनी आवृत्ती तशीच ठेवून दुरुस्ती मागे नेऊन बसवतात. डेबियन ९ मध्ये २०१७ ची दुरुस्ती २.७६-५+डेब९यू१ या पॅकेजात आली, म्हणजे आकडा २.७६ च राहिला आणि भोक बुजलं. तिथे पॅकेजचा पूर्ण क्रमांक आणि चेंजलॉग बघायचा.

ओपनडब्ल्यूआरटीच्या नेहमीच्या पॅकेजात डीएनएससेक नसतोच, त्यासाठी डीएनएसमास्क-फुल टाकावं लागतं. त्यामुळे साध्या बसवणीत २०२१ च्या चार हीपवरच्या त्रुटी लागू होत नाहीत, कॅशवाल्या तीन होतात.

जाहिराती अडवणारा पाय-होल वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्यातला एफटीएल हा डीएनएसमास्कचीच सुधारलेली प्रत घेऊन चालतो. सिस्टिमचं डीएनएसमास्क पॅकेज अपडेट करून तो बदलत नाही, पाय-होलचंच अपडेट द्यावं लागतं. तसंच मशीनवर लिबव्हर्टचे (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) व्हर्च्युअल मशीन असतील, आणि त्यांच्या नेटवर्कसाठी वेगळा डीएनएसमास्क चालू असेल, तर पॅकेज नवीन आणि चालू प्रोसेस जुनी, असं होतं. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या 'एक्झे'पुढे 'डिलीटेड' दिसलं, की समजायचं जुनीच चालू आहे. ते व्हर्च्युअल नेटवर्क बंद करून परत सुरू करा.

फर्मवेअर चढवताना एकच काळजी, पण तिच्यात हयगय नको: राउटर इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या. मध्येच लाईट गेली तर राउटर कायमचा गप्प होऊ शकतो. भार नियमनाचं वेळापत्रक असेल तर ते बघून बसा, आणि केबल लावून करा, वाय-फायवरून नको.

कंपनी फर्मवेअर देतच नसेल तर

हेच सगळ्यात जास्त घडतं. इथे सर्रास दिसणाऱ्या एका स्वस्त राउटरबद्दल मी विक्रेत्यामार्फत कंपनीकडे विचारणा केली, तर 'रीसेट करून बघा' एवढंच उत्तर आलं. राउटरला ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल तर तो चढवा. नसेल, तर डीएनएसमास्कच्या हातातून नावं शोधायचं काम काढून घ्या.

सेटिंगमध्ये पोर्ट ० दिला की डीएनएसमास्कचं डीएनएसचं काम पूर्ण बंद होतं आणि आयपी वाटणं चालू राहतं. सोबत डीएचसीपीच्या ६ क्रमांकाच्या पर्यायात दुसरे डीएनएस सर्व्हर द्या, म्हणजे मोबाईल थेट त्यांनाच विचारतील. मूळ फर्मवेअरमध्ये पोर्टची सेटिंग नसते, पण डीएचसीपीच्या पानावर 'प्रायमरी डीएनएस' असतं. तिथे राउटरचा पत्ता न ठेवता ९.९.९.९ सारखा पत्ता टाकला की बहुतेक प्रश्न राउटरला वळसा घालून जातात. बहुतेक म्हणतो, कारण राउटर पोर्ट ५३ वर ऐकतच राहतो आणि कुणी मुद्दाम विचारलं तर उत्तर देतो. तोटा: केंद्रातल्या प्रिंटरला नावाने शोधत असाल तर ते बंद पडेल, प्रिंटरला आकडी पत्ता द्या. आयपीव्ही६ लागत नसेल तर डीएचसीपीव्ही६ बंद करा, २०१७ च्या यादीतल्या त्या बाजूच्या त्रुटी त्याने टळतात.

२०२१ च्या हीपवरच्या त्रुटींसाठी अपडेट येईपर्यंत डीएनएससेक बंद ठेवणं हाही उपाय सुचवलेला होता. सुरक्षेसाठी सुरक्षेचीच सोय बंद करायची हे विचित्र वाटतं, पण २.८३ च्या खालच्या आवृत्तीवर ते बरोबर आहे. नवीन आवृत्ती आल्यावर परत चालू करायला विसरू नका.

मेमरीची हद्द स्वतःच तपासणाऱ्या रस्टसारख्या भाषेत लिहिलेला सर्व्हर वापरला तर ही कटकटच मिटेल, असं पोरं म्हणतात. हिकरी डीएनएस तसा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या सुमारे ७० टक्के सुरक्षा त्रुटी मेमरीच्याच असतात, तेव्हा म्हणण्यात दम आहे. पण डीएनएसस्पूकमधल्या कॅशच्या तीन त्रुटी मेमरीच्या नव्हत्या. उत्तर कुणाकडून आलं हे नीट न तपासण्याच्या होत्या. ती चूक कुठल्याही भाषेत करता येते. आणि तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या राउटरमध्ये काय चालवायचं, हे तुम्ही-आम्ही ठरवत नाही.

आत कुणी आलंच असेल, अशी शंका असेल तर

क्रॅश सापडला म्हणजे कुणी शिरलंच, असं नाही. बहुतेक वेळा नसतंच. तरी सेवा केंद्रात लोकांचे आधार, बँकेचे तपशील, ओटीपी हाताळले जातात, म्हणून एवढं बघा. राउटरमधला वरचा डीएनएस पत्ता कुणी बदललाय का? ओळखीचा नसलेला पोर्ट बाहेर उघडा आहे का? ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीत न ओळखणारी ओळ आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर आहे त्यावर अपडेट चढवून भागणार नाही. पूर्ण रीसेट, नवीन फर्मवेअर, सेटिंग हाताने परत भरणं (जुना बॅकअप वापरू नका, बिघाड त्याच्यासोबत परत येतो), आणि राउटरचा व पोर्टलचे पासवर्ड बदलणं.

केंद्रातल्या पोरांना आणखी एक बजावून सांगा. ओळखीच्या पोर्टलवर ब्राउझर अचानक 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागला, तर 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर जाऊन 'पुढे चला' दाबायचं नाही. कधीतरी एखाद्या साईटचं प्रमाणपत्र खरंच मुदत संपलेलं असतं, त्यामुळे ही सवय सगळ्यांना लागलेली आहे. पण डीएनएसमध्ये खोटा पत्ता घुसला असेल, तर तो उघडकीला येण्याची ती एकच जागा असते.

अपडेटनंतर लॉग दुसऱ्या मशीनकडे जाणं चालूच ठेवा, फक्त लॉग-क्वेरीज बंद. रजिस्टर कंपनी किंवा सेवा पुरवठादार असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तसेही लॉग १८० दिवस ठेवायला आणि घुसखोरी कळल्यावर ६ तासांत कळवायला सांगतात. आठवड्यातून एकदा त्या फाईलमध्ये 'सेगफॉल्ट', 'सिगसेगव्ह' आणि 'क्रॅश लूप' हे तीन शब्द शोधा. नव्या आवृत्तीवरही त्याच वजाबाकीचा सेगफॉल्ट आला, तर कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची नक्कल) घेऊन तो डीएनएसमास्कचे लेखक सायमन केली यांच्याकडे खाजगीत पाठवा, सोबत प्रश्नाचं नाव आणि मिळालं असेल तर उत्तराचं मूळ पाकीट. ते नाव चार जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हे टाकून बघा' म्हणून फिरवू नका. दुरुस्ती येईपर्यंत ते नाव म्हणजे जिल्ह्यातले तशाच आवृत्तीचे सगळे राउटर पाडायची किल्ली आहे.